पुरातून वाचल्यावर ज्वालामुखी पाहायला जावे का?

नरखेड तालुक्यातील एका जिल्हा परिषद शाळेत शिकवणाऱ्या भगिनींचे पत्र आले आहे. ते थोडक्यात असे:

"मी नऊ वर्षांची असताना, १९९१ च्या जुलैत, आम्ही आजोळी मोवाडला होतो. ३० जुलैला वर्धा नदीचा पूर गावात शिरला, तेव्हा आईने सहा महिन्यांच्या भावाला छातीशी धरले, मला दंडाला धरून ओढले आणि ती शेजारच्यांच्या माडीवर चढली. आम्ही वाचलो, गावातली २०४ माणसे गेली. तेव्हापासून पावसाची झड लागली की माझी झोप उडते. रात्री दोन-तीनदा उठून मी अंगणात बॅटरी मारून पाणी पाहते. सातबारा, आधार कार्डे आणि पासबुके यांची प्लॅस्टिकची पिशवी पावसाळाभर दाराजवळच्या खुंटीला टांगलेली असते. कुठल्याही आपत्तीची बातमी लागली की छातीत धडधडते. तो भाऊ आता इंडोनेशियात सुराबायाला कापड गिरणीत नोकरीला आहे. सुट्ट्यांत या, तुम्हाला ब्रोमो ज्वालामुखी दाखवतो, असे तो म्हणतो. वीस वर्षे मी फळ्यावर ज्वालामुखीचे चित्र काढून शिकवते आहे. प्रत्यक्ष पाहण्याची इच्छा फार आहे, पण मोबाईलवर त्याचा फोटो उघडला तरी हात गार पडतात. यजमान म्हणतात, 'काहून भेतेस वं एवढी?' आई म्हणते, 'पाण्यातून वाचली, आता आगीत कायले जातं?' मी जावे का?"

ताई,

उत्तर लांबवत नाही. जा. मात्र ब्रोमोच्या विवराच्या काठावर चढण्याचा बेत करून जाऊ नका. समोरच्या डोंगरावरून तो पाहायचा आणि परतायचे, एवढाच बेत करून जा. या दोन बेतांत धोक्याच्या दृष्टीने फार मोठे अंतर आहे, आणि तुमच्या भीतीच्या व भावाच्या उत्साहाच्या ओढाताणीत नेमके तेच नजरेआड होण्याची शक्यता आहे, म्हणून सविस्तर लिहिते आहे.

यजमानांच्या प्रश्नाचे उत्तर तुमच्या पत्रातच आहे. नवव्या वर्षी जिने माडीवरून गाव पाण्याखाली जाताना पाहिले, तिला पावसाची भीती वाटली तर त्यात नवल काही नाही. पण त्या पुराने तुमच्या मनात एक घोळ करून ठेवला आहे. आपत्ती म्हणजे न सांगता येणारी आणि आली की सगळेच नेणारी, असे एकच रूप तुमच्या मनात ठसले. मग वीज, वादळ, भूकंप आणि ज्वालामुखी ही सारी त्या एका पुराचीच रूपे वाटू लागली. प्रत्यक्षात प्रत्येकाची चाल निराळी असते. भूकंपाचा दिवस आणि वेळ आधी सांगण्याची विद्या आजही कोणाकडे नाही. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे किल्लारीची माणसे झोपेतच गाडली गेली, ती त्यामुळेच. विजेचे तसे नाही. ढग भरून येतात, गडगडाट ऐकू येतो आणि सावध होण्याइतका वेळ बहुतेकदा हाती असतो. ज्वालामुखी तर त्याहून मंद चालीचा. शिलारस, म्हणजे भूगर्भातला वितळलेला खडक, वर सरकू लागला की खडक तडकून लहान-लहान धक्के बसतात, डोंगराचा उतार किंचित फुगतो, बाहेर पडणाऱ्या वायूंचे प्रमाण बदलते, आणि हे सारे यंत्रांवर उमटत असते. मोठ्या उद्रेकाआधी अशी लक्षणे बहुधा काही दिवस किंवा काही आठवडे दिसत राहतात.

इंडोनेशियात या कामासाठी स्वतंत्र सरकारी यंत्रणा आहे आणि ती धगधगत्या डोंगरांची अवस्था चार स्तरांत जाहीर करते: नॉर्मल, वास्पादा, सियागा आणि आवास. पहिला स्तर शांत आणि चौथा म्हणजे उद्रेक चालू किंवा तोंडावर, एवढे लक्षात ठेवले तरी पुरे. ब्रोमो बराच काळ दुसऱ्या स्तरावर असतो, आणि तेव्हा विवरापासून १ किलोमीटरच्या आत कोणी जाऊ नये, अशी सूचना असते. आता गंमत पाहा. काठावर नेणाऱ्या अडीचशेच्या आसपास पायऱ्या याच १ किलोमीटरच्या आत येतात, तरीही माणसे रोज चढतात, घोडेवाले पायथ्यापर्यंत सोडतात, आणि काही होत नाही. 'काही होत नाही' हा अनुभव बहुतेक दिवशी खराच असतो. तुमचा भाऊही कदाचित दोनदा वर जाऊन आला असेल आणि तुम्हाला हेच सांगेल.

पण वर जी लक्षणे सांगितली, ती शिलारस वर येताना दिसतात. विवराखालचे पाणी तापून त्याची वाफ एकाएकी फुटते, तेव्हा बहुधा पूर्वसूचना मिळत नाही. जपानमधील ओंताके हा डोंगर २७ सप्टेंबर २०१४ रोजी असाच फुटला. तेव्हा तो सर्वांत खालच्या इशारा-स्तरावर होता, शनिवारची दुपार असल्याने शिखरावर पुष्कळ गिर्यारोहक होते, आणि मृत व बेपत्ता मिळून ६३ जण गेले. न्यूझीलंडच्या व्हाइट आयलंडवर ९ डिसेंबर २०१९ रोजी उद्रेक झाला, तेव्हा बेटावर ४७ माणसे होती. त्यांपैकी २२ दगावली. तेथे तर इशाऱ्याचा स्तर तीन आठवड्यांपूर्वीच वाढवला होता, तरी सहली चालूच होत्या. खुद्द ब्रोमोवरही जून २००४ मधल्या अचानक उद्रेकात उडालेल्या दगडांनी दोघांचा जीव गेला. हे वाचून तुमचे हात पुन्हा गार पडले असतील, याची मला कल्पना आहे. पण तुम्ही भूगोलाच्या शिक्षिका आहात आणि अर्धवट धीर देऊन तुमची फसवणूक करणे मला योग्य वाटत नाही. शिवाय या घटना नीट पाहिल्या तर त्यांतूनच तुमच्या प्रवासाचा मार्ग सापडतो. ही सगळी माणसे विवराच्या तोंडाशी किंवा अगदी जवळ होती. वाफेच्या अशा स्फोटाने उडालेले दगड मुख्यतः जवळच्या टापूत पडतात. काही किलोमीटर लांबच्या डोंगरावर उभ्या असलेल्या माणसाला त्या वेळी काळा लोट दिसतो, आवाज येतो, वारा त्या दिशेचा असेल तर राख अंगावर येते, आणि तेथून निघायला वेळ मिळतो. ज्वालामुखीजवळ धाडसापेक्षा अंतर कामाला येते.

आणि ब्रोमोच्या बाबतीत हे अंतर राखल्याने तुमचे फारसे काही हुकतही नाही, हा योगायोग चांगला आहे. पेनांजाकान नावाचे ठिकाण सुमारे २,७७० मीटर उंचीवर, एका जुन्या महाकाय विवराच्या कडेवर आहे. ब्रोमो स्वतः २,३२९ मीटरचा, म्हणजे तुम्ही त्याच्याहून उंच उभ्या असता. लोक पहाटे अंधारात जीपने तेथे जातात. उजाडू लागले की खाली धुक्याने भरलेले सपाट वाळूचे मैदान दिसते, त्यातून वर आलेला बातोक नावाचा शंकू दिसतो, ज्याच्या अंगावर वरून खालपर्यंत घड्या पडल्या आहेत, आणि त्याच्या बाजूला तोंड तुटल्यासारखा, वर शेंडा नसलेला, सतत पांढरी वाफ सोडणारा ब्रोमो. मागे दूरवर सेमेरू असतो, जावा बेटावरचा सर्वांत उंच डोंगर, ३,६७६ मीटरचा. तोही मधूनमधून राखेचे लोट सोडतो. फळ्यावर तुम्ही जे एकेकटे काढता, ते विवर, शंकू आणि राखेचे मैदान तेथे एका नजरेत मिळते. काठावर चढलेल्या माणसाला मात्र वाफ आणि गंधकाचा वास यांशिवाय फारसे दिसत नाही, असे मी म्हटले तर तुमचा भाऊ रागावेल; पण माझे मत तेच आहे.

ऋतूबद्दल एक गोष्ट आवर्जून सांगायची आहे, कारण तुमच्या मूळ भीतीशी तिचा थेट संबंध आहे. उतारावर साचलेली राख जोराच्या पावसात पाण्याबरोबर वाहू लागली की चिखल, दगड आणि पाणी यांचा लोंढा नदीच्या खोऱ्यातून खाली धावतो. त्याला लाहार म्हणतात. सेमेरूच्या परिसरात डिसेंबर २०२१ मध्ये पन्नासहून अधिक माणसे गेली, ती मुख्यतः डोंगरावरून उतरलेल्या तप्त राखेच्या लोटांमुळे; पण तो काळही पावसाळ्याचाच होता. जावा बेटावर पावसाळा साधारणपणे नोव्हेंबर ते मार्च-एप्रिल असतो. म्हणून भावाने दिवाळीच्या सुट्टीचा आग्रह धरला तरी तो मानू नका. उन्हाळ्याच्या सुट्टीतच जा. मे आणि जून हे तेथे कोरडे महिने असतात, आणि आपल्या विदर्भात उन्हामुळे शाळा राज्यातील इतर भागांपेक्षा उशिरा, जूनच्या अखेरीस उघडतात, हे तुमच्या पथ्यावर पडणारे आहे.

तयारी आजपासून करता येईल. भीतीपासून जितके दूर राहावे तितकी ती वाढते आणि हळूहळू, ठरवून, थोडे थोडे जवळ गेले की ती ओसरते, हे मानसोपचारातले जुने आणि पारखलेले तत्त्व आहे. म्हणून आधी फोटो पाहा, मग पेनांजाकानवरून काढलेली चित्रफीत आवाज बंद करून पाहा, मग आवाजासह. त्यानंतर हिवाळ्यात एकदा लोणारला जाऊन या. ते विवर ज्वालामुखीचे नाही, बसाल्ट खडकावर आदळलेल्या उल्केचे आहे, आणि म्हणूनच तुमच्या सरावाला सोयीचे आहे: खोल विवराच्या काठावर उभे राहण्याचा अनुभव मिळतो आणि खालून काही उसळेल ही शंकाही राहत नाही. त्याचा व्यास सुमारे १.८ किलोमीटर आहे. ब्रोमोचे विवर त्याच्या निम्म्याहूनही लहान आहे. काठावर दहा मिनिटे उभ्या राहा, छातीत धडधडले तरी तेथून लगेच पळू नका. धडधड वाढते, टिकते आणि मग आपोआप खाली येते, हे शरीराने एकदा अनुभवलेले असले म्हणजे पेनांजाकानवर ते कामी येते. वाट वाकडी करता आली तर यवतमाळ जिल्ह्यात झरी जामणी तालुक्यातील शिबल्याजवळ थिजलेल्या लाव्ह्याचे खांब उघडे पडले आहेत, तेही पाहा.

वर्गात सांगायला उपयोगी पडेल म्हणून जाता जाता एक. ज्या काळ्या जमिनीत तुमच्या तालुक्यातील संत्र्याच्या बागा उभ्या आहेत, ती जमीन सुमारे ६.६ कोटी वर्षांपूर्वीच्या लाव्ह्याच्या थरांची झीज होऊन झालेली आहे. विहीर खणताना जो काळा पाषाण लागून सुरुंग लावावा लागतो, तोही त्याच लाव्ह्याचा. भारताचा भूखंड पुढे उत्तरेकडे सरकत गेला आणि ज्या तप्त स्थानावरून तो लाव्हा आला ते आता हिंदी महासागरातल्या रियुनियन बेटाखाली आहे, असे भूशास्त्रज्ञ मानतात. त्या बेटावरचा ज्वालामुखी आजही जागा आहे.

आपत्तीबरोबर नांदायचे कसे, हे तुम्हाला येत नाही असे मात्र समजू नका. विदर्भात दरवर्षी शेतात वीज पडून माणसे आणि जनावरे मरतात. तुम्ही पहिल्या गडगडाटाला झाडाखालून निघता, मजूर बायांना बांधावरून घराकडे पिटाळता, मोबाईलवर दामिनी ॲप पाहता; आणि तरी दुसऱ्या दिवशी शेतात जाताच. विजेची भीती तुम्हाला वाटतेच, फक्त तिला तुम्ही काम नेमून दिले आहे. ब्रोमोच्या बाबतीतही तिला असेच काम द्या. निघण्याच्या आदल्या संध्याकाळी इशारा-स्तर पाहायचा. तो तिसरा किंवा चौथा असेल तर चर्चा न करता बेत रद्द करायचा. दुसरा असेल तर समोरच्या डोंगरापर्यंतच जायचे. पहिला असेल तरी काठाचा निर्णय त्या क्षणी घ्यायचा नाही. आधी ठरले होते तेच.

हे नियम भावाशी फोनवर आधीच बोलून घ्या आणि त्याच्याकडून एक वचन घ्या, की तेथे पोहोचल्यावर तो 'ताई, एवढी आलीस तर आता वर चलच' असे म्हणणार नाही. आपल्याकडे प्रेमाने आग्रह करण्याची रीत आहे. जेवणाच्या ताटावर तो गोड लागतो, विवराच्या पायऱ्यांवर तो नको. भाऊ तेव्हा आईच्या छातीशी होता, त्याला त्या पुरातले काहीच आठवत नसणार. तुम्हाला सगळे आठवते. हे कदाचित तुम्ही दोघे कधी बोललाही नसाल. यजमान आणि मुले यांना काठावर जायचेच असेल, तर तो त्यांचा निर्णय. पण तुम्ही खाली एकट्या वाट पाहत बसणार असाल, तर ती वेळ तुमच्यासाठी चढण्यापेक्षा वाईट जाईल, म्हणून सगळ्यांनी मिळून एकच बेत ठेवलेला बरा.

आईंना युक्तिवादाने पटवू नका. त्यांनी दोन लेकरे पाण्यातून काढली आहेत. त्यांच्या बोलण्याला तेवढे वजन आहे. ब्रोमोच्या काठावर गणपतीची एक मूर्ती आहे, तिचा फोटो त्यांना दाखवा. त्या परिसरात राहणारे तेंग्गेर लोक हिंदू आहेत. बटाटा, कोबी आणि कांदा याच राखेच्या उतारांवर पिकवतात आणि वर्षातून एकदा कसादा नावाच्या सणाला शेतातला भाजीपाला, फळे, कोंबड्या विवरात अर्पण करतात. आगीशेजारी शेती करून पिढ्यान्‌पिढ्या राहणारी माणसे आहेत, हे ऐकून आईंचा जीव कदाचित थोडा खाली बसेल. नाही बसला, तरी चालेल.

सामानाचे थोडक्यात: पहाटे तेथे हिवाळ्यातल्या आपल्या गावापेक्षाही जास्त थंडी असते, तेव्हा स्वेटर, कानटोपी आणि मोजे घ्या. एन-९५ मास्क घ्या. डोळ्यांत लेन्स घालत असाल तर त्या दिवशी चष्मा लावा. घरात कोणाला दमा असेल तर गंधकाच्या वायूंमुळे त्रास वाढू शकतो, म्हणून आधी डॉक्टरांना विचारा आणि इनहेलर सुटकेसमध्ये न टाकता खिशात ठेवा. खुंटीवरची ती पिशवीही सोबत घ्या, पासपोर्ट आणि तिकिटांसाठी ती उत्तम आहे. घरच्यांनी हसले तर हसू द्या.

आता तुमच्या पत्रातल्या ज्या भागाबद्दल तुम्ही काही विचारलेले नाही, त्याबद्दल. झड लागली की रात्री दोन-तीनदा उठून बॅटरीने पाणी पाहणे आणि हे इतकी वर्षे चालणे, याला स्वभाव म्हणून सोडून देऊ नका. हा त्या पुराचा न भरलेला घाव आहे आणि त्यावर उपचार आहेत. ब्रोमो पाहून आल्यावर तो आपोआप भरेल अशी आशा ठेवू नका; प्रवास छान होईल आणि जुलैत पुन्हा झोप उडेल, असे सहज घडू शकते, आणि तसे घडले तर प्रवास फसला असे मुळीच नाही. टेलि-मानस या सरकारी सेवेचा १४४१६ हा क्रमांक मोफत आहे, तो चोवीस तास चालतो आणि त्यावर मराठीतून बोलता येते. प्रत्यक्ष भेटायचे असेल तर जिल्ह्याच्या सरकारी रुग्णालयात मानसोपचार विभाग असतो. पुढच्या पावसाळ्याची वाट न पाहता हा फोन याच महिन्यात करा. तेथल्या समुपदेशकाने प्रवास तूर्त पुढे ढकला असे सांगितले, तर माझ्यापेक्षा त्यांचे ऐका; ब्रोमो पुढच्या उन्हाळ्यातही तेथेच असेल.

राहिला तिकिटांचा प्रश्न. परदेश प्रवासासाठी कार्यालयाची परवानगी लागेल, तिचा अर्ज शाळा सुटण्याच्या बराच आधी करा. आसपासचा एखादा डोंगर राख सोडू लागला की विमाने थांबवतात, कारण राख इंजिनात वितळून चिकटते आणि इंजिन बंद पडू शकते. नोव्हेंबर २०१७ मध्ये आगुंग ज्वालामुखीमुळे बालीचे विमानतळ काही दिवस बंद होते. असे झाले तर घाबरू नका, ती यंत्रणा आपले काम चोख करते आहे असे समजा आणि भावाकडे दोन दिवस जास्त राहा. म्हणून परतीची तारीख शाळा उघडण्याच्या किमान आठवडाभर आधीची ठेवा आणि तारीख बदलता येईल असेच तिकीट काढा. ते थोडे महाग पडेल, पण राखेचे कारण देऊन मुख्याध्यापकांकडे रजा वाढवून मागण्यापेक्षा ते स्वस्तच आहे.